आई, भडंग आणि बेसबॉल

उन्हाळ्यात डॅलसच्या आसपास भारतातून आलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो. शनिवारी फ्रिस्कोचं हनुमान मंदिर, रविवारी कॉस्टको, मधल्या वारी ऊन उतरल्यावर घराभोवती एक चक्कर. ऊन उतरतं रात्री साडेआठला, त्यामुळे चक्कर बऱ्याचदा राहूनच जाते. पहिले काही आठवडे जेट लॅगमध्ये आणि कौतुकात सरतात. मग सगळं बघून होतं, आणि आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना आई स्वयंपाकघरातले डबे पुन्हा एकदा लावायला घेते.

माझ्या आईचं २०२४ च्या उन्हाळ्यात हेच चाललं होतं. त्यात ट्वेंटी-२० वर्ल्ड कप आला. आमच्या घरी क्रिकेट हा बाबांचा प्रांत. आईला त्यात रस स्मृती मानधनापुरता, तोही ती सांगलीची म्हणून. पण ६ जूनला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, शेवटची ओव्हर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने टाकली, आणि तो सामना आमच्या घरापासून तासाभराच्या आत, ग्रँड प्रेअरीला झाला होता. दोन-तीन दिवस इथल्या प्रत्येक मराठी घरात तेवढाच एक विषय. नोकरी सांभाळून खेळतो हे ऐकल्यावर आईने त्याला लगेच घरातलाच करून टाकला. बोलता बोलता माझा नवरा म्हणाला, की ते मैदान मुळात क्रिकेटचं नाहीच, २००८ साली बेसबॉलसाठी बांधलं होतं. त्याचं क्रिकेट स्टेडियम झालं २०२३ मध्ये.

"मग बेसबॉलवाले गेले कुठं?" आईने विचारलं.

ते गेले नव्हते. म्हणजे त्या मैदानावरचा छोटा संघ बंद पडला होता. मोठा संघ, टेक्सास रेंजर्स, शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये खेळत होता, आणि वर आदल्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली होती. माझा लेक लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळतो. आजीला दाखवायला आपल्याकडेही काहीतरी आहे हे त्याला त्याच क्षणी उमगलं. तिकीट काढायचं माझ्याकडे आलं.

आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर तिकिटाचा विचार वेगळा करावा लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिली गोष्ट पायऱ्यांची. खालच्या मजल्यावरच्या सीट्सना आपण वरून, म्हणजे मुख्य व्हरांड्यातून शिरतो आणि पायऱ्या उतरत खाली जातो. त्यामुळे मैदानाजवळची 'भारी' रांग घेतली की तेवढ्या पायऱ्या उतरायच्या, आणि बाथरूमला जायचं झालं की तेवढ्याच चढायच्या. आईचा डावा गुडघा बघता मी खालच्याच मजल्यावरची, पण वरच्या टोकाची रांग घेतली. व्हरांडा चार पावलांवर, सीट कडेची. अगदी वरचे मजले स्वस्त असतात. पण तिथला उतार बघून मला स्वतःलाच पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट जाळीची. बॅटला कट लागून प्रेक्षकांत येणारा चेंडू क्रिकेटसारखा टप्पे घेत येत नाही, सरळ तोंडावर येतो. आता सगळ्या मोठ्या मैदानांवर बॅटरच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना खेळाडूंच्या डगआउटच्या पुढेपर्यंत जाळी असते. व्हिजिटर इन्शुरन्स काढलेल्या माणसाने जाळीमागेच बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पॉलिसीत काय बसतं आणि काय नाही, हे शोधून काढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पार्किंग आधीच ऑनलाइन घेतलं. आर्लिंग्टन जवळपास चार लाख वस्तीचं शहर, पण ठरल्या रस्त्याने धावणारी बस तिथे नाही. गाडीला पर्याय नाही आणि पार्किंगवाल्यांना ते पक्कं ठाऊक आहे.

सामना रविवारी दुपारी १:३५ चा. टेक्सासच्या उन्हाळ्यात भर दुपारी खेळ ठेवता येतो, हेच या स्टेडियमचं मुख्य काम. फ्रिस्कोहून चाळीसेक मैल. १२१ नंबरच्या हायवेवरून विमानतळाच्या कडेने ३६० ला लागायचं. गाडीच्या काट्याने बाहेर १०१ फॅरनहाइट दाखवलं, आणि मी आईला शाल घ्यायला सांगितली होती म्हणून ती अजून माझ्याकडे संशयाने बघत होती. पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज, हातात शाल आणि झिपलॉकच्या पिशवीत भडंग.

भडंगाचं असं, की पारदर्शक पिशवीतून स्वतःचं खाणं आणि सीलबंद पाण्याची बाटली आत नेता येते, हे मी आईला सांगून चुकले होते. मग ऐकतेय कोण? सांगलीहून आणलेल्या भडंगाची उरलेली शेवटची पिशवी तिने यासाठी बाहेर काढली. गेटवर तिकिटं फोनवर दाखवायची, मग मेटल डिटेक्टरच्या कमानीतून जायचं. तिथल्या उंच माणसाने पिशवी उचलून उजेडात धरली. कढीपत्ता, शेंगदाणे, लसणाचे तांबूस तुकडे. "हे तिखट आहे का?" त्याने मला विचारलं. मी आईकडे पाहिलं, आई त्याच्याकडे बघून हसली आणि पिशवी उघडायला लागली. मागे लांबच लांब रांग होती म्हणून बरं, नाहीतर सिक्युरिटीवाला तिथेच मूठभर भडंग खाऊन बसला असता.

आत पाऊल टाकल्याबरोबर शाल अंगावर आली.

छप्पर बंद होतं. साडेपाच एकरांचं, सरकणारं. पण मध्ये पारदर्शक पट्टे असल्यामुळे आत उजेड दिवसाचाच. हिरवळ खोटी, तरी ती हिरवीगार बघून आईला आधी खरीच वाटली. मुख्य व्हरांडा मैदानाभोवती बऱ्याच ठिकाणी उघडा आहे, त्यामुळे खायच्या रांगेत उभं राहूनही खेळ दिसतो. बाहेरच्या भिंतीच्या काचांतून रस्त्यापलीकडचं विटांचं मोठं बांधकाम लेकाने आजीला दाखवलं. रेंजर्सचं जुनं घर ते. १९९४ ला उघडलं, २०१९ ला त्यांनी सोडलं.

"पंचवीस वर्षांत जुनं झालं?" आई म्हणाली. "सांगलीचं गणपती मंदिर बघ म्हणावं."

मी उन्हाचं कारण सांगितलं. त्या मैदानाला छप्पर नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये लोक येत नसत, आले तर सावली शोधत फिरत. म्हणून २०१६ च्या नोव्हेंबरात आर्लिंग्टनच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी ५० कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलायला मंजुरी दिली. एकूण खर्च शंभर कोटींच्या वर गेला, उरलेला भार संघाचा. आई इथे थांबली. ती जिल्हा कोषागारातून निवृत्त झाली आहे. कुठलीही इमारत बघितली की तिचा पहिला प्रश्न असतो, पैसे कुठल्या लेखाशीर्षातून? मी सांगितलं, विक्रीकरातला अर्धा सेंट, हॉटेलच्या खोल्यांवरचा थोडा कर, भाड्याच्या गाड्यांवरचा थोडा. तेवढ्यात लेकाचे नाचोज आले. आईने बिल मागून घेतलं, चष्मा लावून कराची ओळ वाचली आणि ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "म्हणजे आपणही दिले," ती म्हणाली. नंतर सगळा वेळ तिचा त्या जागेवर थोडासा मालकीहक्क असल्यासारखं वागणं होतं.

राष्ट्रगीत झालं, टोप्या उतरल्या, खेळ सुरू झाला, आणि पहिली दोन इनिंग आई पार कंटाळली. (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येकीत दोन्ही संघांची बॅटिंग, तीन-तीन आउट होईपर्यंत.)

यात तिचा दोष नाही. क्रिकेट ज्याने नुसतं कानावरून जाऊ दिलंय, त्यालाही बेसबॉलमध्ये काहीच घडत नाही असं वाटतं. एक माणूस फेकतो, दुसरा मारत नाही, तिसरा पकडतो. कधी मारला तर चेंडू मागे जाळीवर आदळतो. पहिल्यांदा तसा आदळला तेव्हा आईने माझा दंड धरला. चौकार नाही, ओव्हर संपली म्हणून इकडचा माणूस तिकडे जाणं नाही. चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या डोक्यावर घड्याळ उलटं मोजत असतं, बेसवर, म्हणजे पळणाऱ्याच्या थांब्यावर, कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर १८. हे घड्याळ आलं २०२३ मध्ये, आणि आईला पहिल्या तासाभरात आवडलेली तेवढी एकच गोष्ट. "बरंय, चालढकल नको," ती म्हणाली. पूर्वी तीन तासांच्या वर जाणारे सामने आता अडीच-पावणेतीन तासांत आटोपतात. मात्र तेव्हा तिच्या चेहऱ्यावर, तेवढे तरी कशाला, असाच भाव होता.

शेंगा आल्या. भाजलेल्या, टरफलासकट, कागदी पिशवीत. इथे टरफलं पायाखाली टाकायची रीत आहे. पुढच्या रांगेतले आजोबा नातवाला घेऊन खुशाल फरशीवर सडा घालत होते. आईला ते काही जमेना. तिने भडंगाची पिशवी माझ्या मांडीवर रिकामी करायला घेतली, टरफलांसाठी. मी कसंबसं थांबवलं.

मग लेकाने पाठीवरच्या बॅगेतून स्कोअरशीट काढलं. त्यांच्या लीगमध्ये हल्ली गुणलेखन आईबाप फोनवरच्या ॲपमध्ये करतात, पण त्याच्या कोचचा आग्रह असतो की पोरांना कागदावर यायला पाहिजे. दोन कोरे कागद, एक पाहुण्यांचा, एक रेंजर्सचा. डावीकडे नऊ बॅटरांच्या ओळी, वर इनिंगचे रकाने, आणि प्रत्येक चौकटीत बारीक चौकोनी शंकरपाळं, म्हणजे चार बेस. तो मान खाली घालून भरत होता. आईची नजर मैदानावरून त्या कागदावर गेली ती तिथेच राहिली.

"हे ६-४-३ काय लिहिलंस?"

त्याने तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला ठरलेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मागचे तिघे डावीकडून ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्यावर. दोन माणसं आउट. ६-४-३. जर्सीवरचा नंबर काहीही असो, हा आकडा जागेचा.

"म्हणजे माणूस बदलला तरी पदाचा क्रमांक तोच."

"हो आजी."

"दे इकडे."

पाहुण्यांचा कागद आणि पेन्सिल तिच्याकडे गेली. पाहुणा संघ राखाडी कपड्यांत असतो, ही इथली जुनी चाल. आईने त्यांचं नाव शेवटपर्यंत विचारलं नाही, तिच्या लेखी ते 'राखाडीवाले'. रेंजर्सचं पान लेकाकडे. आकडे आई मराठीत लिहीत होती. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, होऊन गेला की के लिहायचं, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून गेला तर तोच के उलटा. हा उलटा के तिला फार भावला. एक धिप्पाड राखाडीवाला तिसरा चेंडू बघत राहिला आणि खांदे पाडून परत निघाला, तेव्हा तिने कोषागारात एखाद्याचं देयक आक्षेप लावून परत पाठवताना यायचा तसला चेहरा करून उलटा के काढला.

आणि खेळ दिसायला लागला. तिलाच नव्हे, मलाही. इतकी वर्षं मी लेकाच्या सामन्यांना जाते, ओरडते, टाळ्या वाजवते. पण प्रत्येक चेंडूनंतर कोण कुठे सरकलं हे कधी बघितलं नव्हतं. लिहायचं म्हटलं की बघावंच लागतं. चेंडू कुणी उचलला? फेकला कुणाकडे? पळणारा तिसऱ्या बेसवर पोचला तो कुणाच्या जिवावर? आई अधूनमधून लेकाला थांबवून विचारायची, आणि एकदा त्याने "तसंच काहीतरी" म्हटल्यावर "काहीतरी म्हणजे?" असं ऐकवलं.

या पद्धतीचा जनक हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, लहानपणीच ब्रुकलिनला आलेला पत्रकार. १८५० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या आसपासच्या क्रिकेटच्या बातम्या लिहायचा; मग बेसबॉलकडे वळला, आणि क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा तक्ता बेतला. स्ट्राइकआउटचा के त्याचाच. हे मी फोनवर वाचून दाखवलं. आईने मान न वर करता "शहाणा माणूस" एवढा शेरा मारला.

चौथ्या इनिंगमध्ये राखाडीवाल्यांच्या एकाने जमिनीलगत चेंडू मारला, तो रेंजर्सच्या शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हखालून निसटला. बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप. मोठ्या फळ्यावर तीन आकडे असतात, रन, हिट (स्वतः मारून मिळवलेला बेस) आणि चुका. हिटचा आकडा हलला नाही. चुकांच्या खाली शून्याचा एक झाला.

आईची पेन्सिल थांबली. "चूक कुणाची झाली ते फळ्यावर लिहितात? चाळीस हजार लोकांपुढे?"

लेक म्हणाला, हो, आणि इथे तुझ्या कागदावर पण लिहायचं, ई-६. त्या चुकीमुळे पुढे रन झाला तर तो पिचरच्या नावावर चढत नाही.

"ठरवतं कोण?"

वर पत्रकारांच्या कक्षात अधिकृत स्कोअरर बसलेला असतो. तो ठरवतो, हिट की चूक. निर्णय पटला नाही तर खेळाडू किंवा संघ नंतर लीगकडे दाद मागू शकतो, आणि कधीकधी निर्णय बदलतातही. आईने फळ्याकडे जरा आदराने पाहिलं. सगळी नोकरी तिने असल्या टेबलावर काढली: रक्कम गेली हे सगळ्यांना दिसतं, पण ती कुणाकडून वसूलपात्र, यावर फाइल फिरत राहते. इथे अर्ध्या मिनिटात निकाल लागला होता. चुकलेला शॉर्टस्टॉप टोपी सारखी करून पुढच्या चेंडूला वाकून उभा होता. "बिचारा," आई म्हणाली, आणि ई-६ लिहिलं.

तिला आवडलेला दुसरा माणूस डगआउटमध्ये होता. पिचर बदलायला रेंजर्सचे मॅनेजर ब्रूस बोची संथ पावलं टाकत मैदानात आले. बेसबॉलमध्ये मॅनेजरही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. "हे आजोबा पण खेळतात?" आईने विचारलं. तेव्हा ते ६९ वर्षांचे, म्हणजे आईच्याच बरोबरीचे. सॅन फ्रान्सिस्कोला २०१०, २०१२ आणि २०१४ अशी तीन विजेतेपदं देऊन निवृत्त झाले होते. त्यातलं पहिलं तर याच रेंजर्सना हरवून. २०२२ च्या शेवटी रेंजर्सनी त्यांना घरातून बोलावून आणलं, आणि पुढच्याच मोसमात संघाला इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज मिळाली. "निवृत्तीनंतर परत बोलावलं?" आईने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. तिच्या ऑफिसने तिला परत बोलावलेलं नाही. हा विषय आमच्या घरी जपून काढावा लागतो.

लेकाची मधूनमधून माहिती पुरवणं चालू होतं. २०२० मध्ये करोनामुळे इथे पहिला सामना रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. त्याच वर्षीची वर्ल्ड सिरीज मात्र इथेच झाली, रेंजर्स त्यात नसताना. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ॲरन जजने मोसमातला ६२ वा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, इथेच मारला आणि रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा विक्रम मोडला. चेंडू पडला तो कोपरा त्याने आजीला बोट करून दाखवला. आईने डोकं हलवलं आणि "आता कितवा बॅटर?" असं विचारलं.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं स्टेडियम उठून हातपाय ताणतं आणि गाणं म्हणतं, हे एव्हाना आईला कळलं होतं. त्यामुळे तिने पक्का हिशेब केला: तेव्हा बाथरूमला मरणाची रांग असणार, आपण थोडं आधी जावं. राखाडीवाल्यांची सातवी बॅटिंग चालू असताना पेन्सिल नातवाच्या हातात देऊन आम्ही दोघी उठलो. रांग नव्हती. परत आलो तर लोक उभं राहायच्या तयारीत. आई शाल सावरत सगळ्यांबरोबर उभी राहिली, गाण्याचे शब्द येत नव्हते तरी टाळ्या अगदी तालात. भजनी मंडळाची सवय. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून तिला शेंगांची पिशवी पुढे केली. तिने त्यांना भडंग दिलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मोठे झाले, पाणी प्यायले, आणि पुन्हा हात पुढे केला.

रेंजर्स जिंकले. नवव्या इनिंगचा राखाडीवाल्यांचा तिसरा माणूस आउट झाला तसे लोक उठले. आई बसूनच. "यांची बॅटिंग राहिली ना?" यजमान पुढे असतील तर त्यांनी नववी खेळायची गरज नसते, त्या रकान्यात फुली मारायची, हे लेकाने समजावलं. कोरा रकाना सोडण्यापेक्षा फुली बरी, यावर तिचं समाधान झालं. गाडीपर्यंतचं अंतर उन्हात तिने फार कुरकुर न करता कापलं. पार्किंगमधून बाहेर पडायला मात्र पाऊण तास गेला, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री वरणभात झाल्यावर आई डायनिंग टेबलवर दोन्ही कागद पसरून बसली. म्हणाली, "ताळमेळ लावून बघू."

कसला ताळमेळ, मला कळेना. तिने सरळ हिशेब मांडला. बॅटिंगला जो जो आला त्याचं शेवटी काहीतरी झालं असणार. एक तर तो घरी पोचून रन झाला, नाहीतर आउट झाला, नाहीतर इनिंग संपली तेव्हा बेसवर अडकून राहिला. चौथं काही शक्य नाही. म्हणजे एकीकडे आलेली माणसं, दुसरीकडे रन, आउट आणि अडकलेले. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. मी नंतर शोधलं तर बेसबॉलच्या अधिकृत नियमांत तक्ता बरोबर आहे की नाही हे तपासायची हीच कसोटी दिलेली आहे. तिने ती वरणभातानंतर स्वतःच काढली होती.

राखाडीवाल्यांचं पान. आलेली माणसं ३६. रन ३, अडकलेले ७, आउट २६. बेरीज ३६.

"जुळलं!" लेक ओरडला आणि टॅब्लेट घ्यायला उठला.

"बस खाली," आई म्हणाली. "दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर असतो असं कुणी सांगितलं? पावती पण नाही आणि नोंद पण नाही, तर जुळणारच. नऊ इनिंग झाल्या ना? प्रत्येकीत तीन आउट. नऊ त्रिक?"

"सत्तावीस."

"मग सव्वीस कसे?"

ती रकान्यांवरून पेन्सिल फिरवत गेली. सातव्यात थांबली. आउट दोनच. आणि चौथ्या बॅटरनंतर एकदम सहाव्या बॅटरची चौकट भरलेली, पाचव्याची कोरी. आम्ही दोघी बाथरूमला गेलो होतो तेव्हाची.

लेकाला आठवलं. तेव्हा जाळीच्या वरून एक चेंडू आमच्याच सेक्शनमध्ये आला होता, सगळे त्याच्यामागे धावले होते. "पण आजी, तो पाचवा नुसता आउट झाला. काहीच झालं नाही."

"आउट झाला म्हणून आला नव्हता का तो?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं दुसऱ्या बेसवाल्याकडे गेला होता चेंडू, तो म्हणाला. वाटण्यावर नोंद होत नाही, आई म्हणाली. मग मोठ्या लीगच्या ॲपवर त्या सामन्याचं चेंडूगणिक वर्णन काढलं. दुसऱ्या बेसवाल्याने उचलून पहिल्या बेसवर फेकला होता. आईने कोऱ्या चौकटीत ४-३ लिहिलं, खाली २६ वर एक रेघ मारून २७ केले, ३६ चे ३७, आणि पेन्सिल ठेवून पेन मागितलं.

"इथे सही कर."

"मी? कशाला?"

"खाडाखोड झाली की शेजारी सही लागते. तेव्हा टेबलावर तू होतास."

तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. "मराठीत करू की इंग्लिशमध्ये?"

"येईल ती कर. आणि तारीख टाक. मग रेंजर्सचं पान घेऊ."